आजोळचा वाडा पेटीत बसवायचा तर

प्रश्न असा आला आहे: ‘काकू, बडोद्याच्या दांडिया बाजारातला आईच्या माहेरचा वाडा दिवाळीनंतर पाडणार आहेत. आईची पंच्याहत्तरी जवळ आली आहे. त्या वाड्याची लाकडी छोटी प्रतिकृती, आतल्या सामानासकट, तिला द्यायची आहे. तीन मजले, पुढून २२ फूट, आत ६० फूट लांब, उंची साधारण ३३ फूट. माझ्या हातात सहा महिन्यांचे शनिवार-रविवार आहेत. स्केल कुठलं घेऊ, लाकूड कुठलं, फर्निचर तयार मिळतं का, की सगळं सुताराकडे देऊन टाकू?’

काकू म्हटलंस, म्हणून मीही अरे-तुरेच करते. २८ वर्षं बडोद्यातल्या आर्किटेक्टांची मॉडेलं करण्यात गेली. आता निवृत्तीनंतर फक्त आतल्या खोल्या करते, हौसेने. त्या सगळ्या उद्योगातून आलेलं पहिलं उत्तर तुला आवडणार नाही: अख्खा वाडा करू नकोस.

हिशेब करून बघ. घराच्या छोट्या प्रतिकृतींचं जगभर रुळलेलं माप १:१२ आहे. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे आपल्याकडे एक इंच. या मापात तुझा वाडा २२ इंच रुंद, पाच फूट लांब आणि पावणेतीन फूट उंच होतो, म्हणजे लहान मुलाच्या पलंगाएवढा. आईच्या फ्लॅटमध्ये तो कुठे ठेवणार? निम्म्या मापात, १:२४ मध्ये, तो टेबलावर मावेल, पण तिथे तीन इंची कप तीन मिलिमीटरचा होतो आणि त्याला कान लावायला सोनाराचे हात लागतात. १:१२ मध्ये तोच कप सहा मिलिमीटरचा. तेवढं तुला-मला चिमट्याने जमतं.

तेव्हा माप १:१२ आणि एकच खोली. १० बाय १४ फुटांची खोली १० बाय १४ इंचांच्या पेटीत बसते, उंची नऊ-दहा इंच, पुढून काच. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये श्रीमती थॉर्न यांनी १९३२ ते १९४० या काळात कारागिरांकडून करवून घेतलेल्या अशा ६८ खोल्या आहेत, १:१२ मध्येच. पूर्ण घर त्यात एकही नाही. उलट टोक पाहायचं तर विंडसरचं क्वीन मेरीचं बाहुलीघर, १९२४ साली पुरं झालेलं. आराखडा ल्युटेन्सचा, दिल्ली आखली तोच. त्याच्या नळांना खरं पाणी येतं. पण ती राणीला दिलेली भेट होती आणि त्यामागे कारागिरांची फौज होती. तुझ्याकडे शनिवार-रविवार आहेत.

कुठली खोली, हे तू ठरवू नकोस. आईला आडून विचार: लहानपणी अभ्यासाला कुठे बसायचीस, दुपारी पत्ते कुठे मांडायचात? ज्या खोलीचं नाव पहिल्यांदा तोंडात येईल, ती. माझा पैजेचा घोडा माजघर, कारण आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत माजघरात झोपाळा असतो. हा गुजरातने आपल्याला दिलेला आणि आपण कधीच परत न केलेला दागिना.

आता मुद्द्यावर येते. लांबी-रुंदीला १२ ने भाग देणं कोणालाही जमतं. खेळणं आणि घर यांतला फरक पडतो तो जाडीत. आपला डोळा लांबीत सहज फसतो, जाडीत मात्र फसत नाही. बारा फुटी खोली साडेअकरा इंचांची झाली तर कोणाच्या बापाला कळत नाही. पण टेबलाची फळी दोन मिलिमीटरऐवजी चारची झाली, की बघणारा म्हणतो, ‘छान खेळणं आहे हो!’ का ते त्याला सांगता येत नाही. चार मिलिमीटर गुणिले १२ म्हणजे जवळजवळ दोन इंच जाडीची फळी. अशी फळी खाटकाच्या दुकानात असते, घरात नसते.

हे गणित सगळ्याला लाव. साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धर. आपल्या खोलीत ती सव्वा मिलिमीटर होते, म्हणजे वर्तमानपत्र पुठ्ठ्याचं. जाड सुती कापडाचा धागा सुतळीएवढा दिसतो. रंगात राहिलेली ब्रशची रेघ खऱ्या भिंतीवर बोटभर जाडीची दिसली असती. पॉलिश पेपर मारताना कडेवर अर्धा मिलिमीटर गोलाई आली, तर खऱ्या दारावर ती सहा मिलिमीटरची. नवशिक्यांचं फर्निचर साबणाच्या वडीसारखं का दिसतं, ते आलं लक्षात?

याची दुसरी बाजू जास्त मजेची आहे. बाजारातले तयार साचे आणि परदेशी नकाशे नऊ मिलिमीटरची भिंत सांगतात. १२ ने गुण, सव्वाचार इंच येतात. तिकडच्या आतल्या भिंतींना ते ठीक आहे. वाड्याची भिंत दीड फुटाची असते. नऊ मिलिमीटरच्या प्लायला कोनाडा कुठे पाडणार? तिथे भिंत दीड इंचाचीच कर. दोन बाजूंना सहा मिलिमीटरचा प्लाय आणि मध्ये पोकळी. कोनाडे, फडताळ, खिडकीचा खोल उंबरठा हे सगळं त्या पोकळीत आपोआप बसतं आणि दिव्याच्या तारांनाही जागा होते. खिडकीचा खोलपणा दिसला की निम्मं काम झालं. बाकी सामान अगदी सामान्य असलं तरी खपून जातं.

म्हणून मापं घेताना लांबीपेक्षा जाडीवर जास्त वेळ घालव. भिंतीची, दाराच्या फळीची, उंबऱ्याची, जिन्याच्या पायरीची, खिडकीच्या गजाची, कोनाड्याच्या खोलपणाची. जमिनीपासून खुंटीची उंचीही घे. फोटो समोरून सरळ काढ आणि प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी उभी ठेव. फरशीचा फोटो वरून, अगदी काटकोनात. जुन्या नक्षीच्या सिमेंट फरश्या आठ इंची असतील तर आपल्याला १७ मिलिमीटरच्या हव्यात. तोच फोटो लहान करून मॅट कागदावर छापायचा, पण थोडा फिका करून. लहान वस्तूवर खरा रंग नेहमी गडद दिसतो, हे मॉडेल करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी हात पोळून कळतं. भिंतीचा रंगही तसाच, त्यात पांढऱ्याचं एक बोट घाल. आणि जाताना ब्लेड ने. भिंतीच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा खरवडलीस की खाली जुन्या रंगांचे थर दिसतील. आईच्या लहानपणीचा रंग वरून तिसरा-चौथा असेल.

कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत, आणि खांब-तुळयांची जोडणी नीट समजून घ्यायची असेल तर एक सकाळ बडोद्यातल्याच तांबेकर वाड्यात घालव. एकोणिसाव्या शतकातला, लाकडी, भिंतींवर चित्रं असलेला हा वाडा पुरातत्त्व खात्याने जपला आहे. लोक चित्रं बघतात, तू मान वर करून तुळया बघ.

आता लाकूड. सगळ्यांना वाटतं तसं तुलाही वाटत असेल, की वाड्याचंच जुनं सागवान वापरावं. भावना समजते, पण दिसणाऱ्या फर्निचरला सागवान नको. सागाची छिद्रं आणि रेघा ठसठशीत असतात. १:१२ च्या खुर्चीवर ती रेघ बोटभर रुंद दिसते. हळदू घे. पिवळसर, बारीक पोताचं, कातायला लोण्यासारखं. ते मिळालं नाही तर कुड्याचं पांढरं लाकूड. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच करतात. त्याला डाय लावून सागाचा रंग दे. वाड्याचं सागवान मात्र वाया घालवू नकोस. मोडक्या झडपेचा एक तुकडा आण आणि पेटीची बाहेरची चौकट त्याची कर. तिथे साग खऱ्या मापातच असतो, कोणाला फसवायचं नसतं.

डाय आधी, फेविकॉल नंतर. हा क्रम उलटा झाला की जिथे गोंद सांडला तिथे रंग चढत नाही आणि सगळ्या सांध्यांवर पांढरे डाग उमटतात. माझ्या पहिल्या तीन खोल्यांना कोड फुटल्यासारखे डाग आहेत.

दारं तुला वाटतात त्यापेक्षा सोपी आहेत. जुन्या दारांना बिजागरी नसते. फळीच्या एका कडेला वर-खाली खुंट असतो आणि तो चौकटीतल्या खड्ड्यात फिरतो. आपल्याकडे तो खुंट म्हणजे टाचणी. डोकं तोडायचं, फळीत रोवायची, झालं. कडीपाटाच्या कड्या चार बाय सहा इंच असतील तर साडेआठ बाय साडेबारा मिलिमीटरच्या पट्ट्या लागतील. वरच्या फळ्यांना आइस्क्रीमच्या काड्या चालतात. दोन मिलिमीटर जाडी म्हणजे एक इंची फळी, अगदी हिशेबात. फक्त गोल टोकं कापून टाक, नाहीतर माजघराच्या छताला कुल्फी लटकल्यासारखं दिसेल.

सुताराकडे काय द्यायचं? पेटी. फक्त पेटी. काटकोन त्याच्या मशीनवर येतो तसा आपल्याला घरी येत नाही. त्याला मिलिमीटर सांगत बसू नकोस, सुताच्या भाषेत बोल. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आपल्या खोलीत दीड इंच. ‘दाराची फळी एक सूत’ म्हटलं की तो मान डोलावतो. फर्निचर मात्र देऊ नकोस. चांगला सुतार मजबुतीसाठी जाडी ठेवतो, तो त्याचा धर्मच आहे, आणि आपल्याला नेमकी तीच नको आहे.

एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, घेऊ नकोस, कितीही गुळगुळीत असलं तरी. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या खालच्या खोलीत आलं, तेव्हा एमडीएफची दोन मॉडेलं खारी बिस्किटासारखी फुगली. शेजारचं प्लायचं मॉडेल चिखल धुऊन अजून वापरात आहे. वॉटरप्रूफ प्लाय महाग वाटेल, पण एका खोलीला लागतो किती?

झोपाळ्यापासून सुरुवात कर. तो जमला की हुरूप येतो. पाच फूट बाय दोन फुटांची, दीड इंच जाडीची सागवानी फळी साधारण २३ किलो भरते. आपली फळी पाच इंच बाय दोन इंच, एक सूत जाड, तिचं वजन जेमतेम १३ ग्रॅम. लांबी १२ पट कमी होते तेव्हा वजन १२ गुणिले १२ गुणिले १२, म्हणजे १७२८ पट कमी होतं. त्यामुळे छोट्या वस्तूंना ‘बसणं’ माहीतच नसतं. कड्या ताठ लोंबत नाहीत, फळी एका बाजूला तिरकी राहते. उपाय असा: फळीच्या खालच्या बाजूला खाच करून शिशाचा चपटा तुकडा चिकटव. सळ्यांना एक मिलिमीटरची पितळी तार वापर, तिचे आकडे गोल नाकाच्या पकडीने वळव. साखळी हवी असेल तर मंगळ बाजारात इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात सर्वांत बारीक कडीची माग. आणि कोणी मोटर लावून झोपाळा हलवायचा सल्ला दिला तर हात जोड. छोटा झोपाळा खऱ्याच्या साडेतीनपट घाईने झुलतो. आईचं माजघर आहे ते, शिवणयंत्र नाही.

कापडाचीही हीच रड. पडदा घडी घेत नाही, चादर पलंगाच्या कडेला शिंगासारखी उभी राहते. नवं कापड घेऊच नकोस. धुऊन धुऊन विरलेलं मलमलीचं धोतर, आजीच्या नऊवारीचा झिरझिरीत झालेला कोपरा असं काहीतरी शोध. फेविकॉलच्या पातळ पाण्यात बुडवायचं, थर्माकोलवर टाचण्या टोचून घड्या पाडायच्या, रात्रभर वाळू द्यायचं. आणि गादी-तक्क्यांत कापूस भरू नकोस, बारीक रांगोळी भर. दगडाची पूड जड असते, त्यामुळे गादी दबते, मध्ये खळगा पडतो, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी दिसते. मला आजवर मिळालेल्या कौतुकातलं निम्मं या रांगोळीचं आहे.

संखेड्याचं, म्हणजे लाखेचा रंग चढवलेलं कातीव लाकडी फर्निचर घरात असेलच. बडोद्यातल्या कुठल्या जुन्या घरात नाही? त्याचे कातीव पाय घरच्या ड्रिलवर निघतात. ड्रिल शिकंजात आडवं धर, हळदूची काडी पकडीत अडकव, आधी कानस, मग २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर. चष्मा घालूनच. त्या लाल-सोनेरी रंगाची खुबी माहीत असू दे: ते सोनं नसतं. खरादी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, कथलाच्या रुपेरी रंगाने नक्षी काढतात आणि वरून लाख चढली की रुपेरीचं सोनेरी दिसतं. आपणही तेच करायचं. बाजारातला सोनेरी रंग या मापात पिवळा चिखल दिसतो. बारीक ब्रशने रुपेरी ठिपके दे आणि वरून पिवळट लाखेचा, म्हणजे फ्रेंच पॉलिशचा, पातळ हात फिरव. मग आरशासारखी चमक आली असेल तर ६०० च्या पेपरने अगदी हलकेच मार. या मापात चकाकी नेहमी जास्तच होते.

भांड्यांबद्दल एक इशारा. बाजारातली पितळी भातुकली गोड असते, पण तिला माप नसतं. त्यातला बंब आपल्या खोलीत ठेवला तर माणसाच्या खांद्याला लागेल. खरेदीला जाताना पट्टी ने. १४ इंची घागर म्हणजे ३० मिलिमीटरला किंचित कमी, त्याहून मोठी घ्यायची नाही. बाकीची भांडी शिवणाच्या डब्यात सापडतात: आठ मिलिमीटरचं टिचबटण ही आमटीची वाटी, औषधाच्या बाटलीचं ॲल्युमिनियमचं टोपण हा डबा. गोळ्यांच्या पाकिटाची चांदी किंवा कॉफीच्या डब्याच्या तोंडावरचा पत्रा रबरावर ठेवून, बंद पडलेल्या बॉलपेनने गोल गोल दाबला की इंचभराचं ताट तयार होतं, काठासकट.

खाद्यपदार्थांत फार रमू नकोस. तिथे लोकांचे महिने जातात. पण एक ताट तरी हवंच, आणि बडोद्याचं घर म्हणजे सेव-उसळ. शेव खऱ्या मापात करायला गेलास तर केसाएवढी करावी लागेल. मी पिवळा रंगवलेला लाकडाचा भुसा वापरते. वाटाणे म्हणजे मोहरी, हिरवट रंगाची. रस्सा म्हणजे लाल रंग घातलेला इपॉक्सी, एकच थेंब. वर चिमूटभर भुसा. एकदा पाहुण्यांच्या मुलाने ते चाटून पाहिलं, तेव्हापासून काच पक्की लावते.

दिवा लावताना सगळे चुकतात, कारण मेहनत दिसावी असं वाटतं. वाड्याचं माजघर दिवसाही अंधारं असतं आणि उजेड चौकाकडून येतो. छतात चार एलईडी ठोकलेस तर दागिन्यांचं दुकान होईल. एका बाजूच्या दारामागे दोन इंचांची पोकळी ठेव, तिला बटर पेपर लाव आणि त्यामागे पिवळसर प्रकाशाचे दोन एलईडी. उजेड दारातून तिरका जमिनीवर पडला पाहिजे. मोबाइलच्या चार्जरवर चालवायचं असेल तर तो पाच व्होल्टचा आणि एलईडीला लागतात साधारण तीन, म्हणून प्रत्येकाला २२० ओहमचा रेझिस्टर जोड. आणि मागची भिंत स्क्रूने उघडेल अशी ठेव. एलईडी बिघडत नाही म्हणतात, पण झाळलेला सांधा हमखास सुटतो, तोही समारंभाच्या आदल्या रात्री.

बाहुल्या ठेवू नकोस. बाहुली कितीही चांगली असली तरी ती माणूस नसते आणि तिच्याशेजारी खरी वाटणारी खोलीही बाहुलीचीच होते. त्याऐवजी माणूस आत्ताच उठून गेला असं कर: झोपाळ्यावर चष्मा, उंबऱ्याशी एक चप्पल उलटी. जुनं करण्याचा मोहही आवर. कोनाड्यात पणतीची काजळी, खुंटीखाली तेलकट डाग, एवढं बस. सगळीकडे चहाचं पाणी फासलं की घर जुनं दिसत नाही, नुसतं आजारी दिसतं.

लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याची पूर्ण खोली कर, एका रविवारी होते. ती टेबलावर ठेवून वरून बघू नकोस. पाच फुटांवरचा डोळा आपल्या खोलीत पाच इंचांवर असतो, तेव्हा मोबाइल जमिनीपासून पाच इंचांवर धरून फोटो काढ. काय झाकलं जातं, काय दिसतं, ते तिथेच कळेल. जे दिसणार नाही ते करायचं नाही. पेटी भिंतीवर लावायची तर तीही बसलेल्या आईच्या डोळ्याच्या उंचीला.

तो पुठ्ठा आईला दाखवायची छाती झाली तर दाखव. भेट गुपित ठेवण्याच्या नादात मी एकदा एका कुटुंबाला सुबक खोली करून दिली. घरच्या आजींनी ती बराच वेळ पाहिली आणि म्हणाल्या, ‘फडताळ डाव्या हाताला होतं.’ फोटो छापताना उलटा झाला होता आणि मी त्या उलट्या फोटोवरून चार महिने काम केलं होतं.

कागद चिकटवायला घरची खळ कर आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घाल. नाहीतर दोन पावसाळ्यांत कसरीचे किडे कागदी फरशी खाऊन टाकतात. मोरचूद विषारी आहे, तेव्हा भांडं वेगळं ठेव आणि हात धू.

या शनिवारी करवत विकत आणू नकोस. टेप, फूटपट्टी, ब्लेड, वही आणि चांगली बॅटरी घेऊन वाड्यात जा. भाडेकरू निघाले की वीज तोडतात, आणि त्या जिन्यात भरदुपारीही पायरी दिसत नाही.